घरगुती कारणास्तव

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा तुमचे उपकार आठवायला लागले की माझी बोलती बंद होते. सातवीनंतर बाबांनी माझी शाळा बंद करायची ठरवली, तेव्हा तुम्ही आमच्या अंगणात खाटेवर ठाण मांडून बसलात. "पोरीले आठवीत टाकतो म्हणा, तवाच उठीन!" रोवणीचे दिवस, घरात सगळ्यांचे पाय चिखलाचे, आणि तुम्ही तीन तास हलला नाहीत. शेवटी बाबांनी हात जोडले. मी दहावी झाले ती तुमच्यामुळे. हाच तर माझा घोळ आहे.

अर्ज लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. पाचवीत मी शेवटी 'आपली आज्ञाधारक' लिहायला विसरले, तर हातावर पट्टी बसली होती. कारण मात्र सगळ्यांचं एकच असायचं, घरगुती. ताप असो, लग्न असो, धानाची कापणी असो, 'घरगुती कारणास्तव' लिहिलं की काम भागायचं.

मग माझी लेक तुमच्या शाळेत आली. तुम्ही तेव्हा मुख्याध्यापिका झाला होतात. जन्मापासून तिचे हातपाय आखडलेले, बोलणं अडखळत, तोंडातून लाळ गळायची. डोकं मात्र असं तल्लख की दुसरीच्या कविता पहिलीतच पाठ. ती तिसरीत असताना तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवलात. "हे पाह्य व, वर्ग मोठा हाय, पोरं हसतात तिले, मास्तर वैतागले. अशा लेकरांसाठी वेगळ्या शाळा असतात. तू अर्ज दे, मी दाखला देतो. कारण घरगुती लिही." मी लिहिला. समास सोडून, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सवयीनं 'आपली आज्ञाधारक'. तुम्ही वाचून म्हणालात, "अक्षर अजून तसंच हाय तुयं." आणि मला, मूर्ख बाईला, त्याचं बरं वाटलं!

तो दाखला घेऊन आम्ही नवराबायको चंद्रपूरपर्यंत फिरलो. मूकबधिरांच्या एका शाळेत म्हणाले, हिला तर ऐकू येतं. मतिमंदांच्या शाळेत म्हणाले, ही हुशार आहे, आमच्याकडे बसत नाही. दोन्हीकडचं दार बंद, आणि तुमच्या दारातून तर मीच तिला बाहेर काढलेलं. ती रोज सकाळी युनिफॉर्म घालून ओट्यावर बसायची. पोरं दप्तरं घेऊन समोरून जायची. मी आत भांडी आपटत राहायची.

आमचे हे जीप चालवायचे, ब्रह्मपुरीच्या कोर्टातला एक तरुण वकील रोज त्यांच्या जीपमध्ये असायचा. तो म्हणाला, "काकू, अपंगांसाठी कायदा आला हाय. अठरा वर्षांपर्यंत शिक्षण द्याच लागते. शाळेनं काढलं असंन तर पुण्याला आयुक्तांकडे तक्रार करू." मी आनंदानं रडायचीच बाकी होते. मग त्यानं शाळेतून अर्जाची नक्कल मिळवली. 'आज्ञाधारक'पाशी हसला, मग कागद माझ्यापुढे धरला. "शाळेनं कुठी काढलं काकू? कागद तर म्हणते तुम्हीच नेलं पोरीले. आता एकच रस्ता हाय. 'माझ्या सांगण्यावरून हिनं अर्ज केला', असं बाईंनी लिहून द्यावं. नाई तर केस उभीच राहात नाई."

म्हणून मी त्या दिवशी तुमच्याकडे आले होते, बाई. तुम्हाला वाटलं, सहज आले.

तुम्ही लाखोरीच्या डाळीचे वडे तळताय. "बस व. काऊन एवढी सुकली?" माझ्या हातात ताटली देता, शेजारच्या बाईला सांगता, "हे माही पोरगी. इच्या बापाच्या अंगणातून मी उठलीच नाई!" तुमचा चेहरा असा फुललेला, की मी ताटलीतला वडा नुसती मोडत बसते. मग तुम्हीच विचारता, "लेक रमली न वेगळ्या शाळेत?" आत्ता बोल, आत्ता बोल, असं मी स्वतःला बजावते. आणि म्हणते, "हो बाई, रमली." तुम्ही माझ्या ताटलीत आणखी एक वडा टाकता.

घरी आले तेव्हा हे ओट्यावरच होते, लेकीशेजारी. "काय म्हणाल्या?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "नाही म्हणाल्या." दुसरं काय सांगणार होते? विचारायची हिंमत झाली नाही असं सांगितलं असतं, तर त्यांनी मला उभ्या उभ्या परत पाठवलं असतं. वकिलानं फाइल मिटली. तुम्ही गेलात तेव्हा यांनी तुमच्या मातीला यायला साफ नकार दिला, मलाही जाऊ दिलं नाही. तुम्ही लिहून दिलं असतं का? खाटेवर तीन तास बसणाऱ्या बाईनं कदाचित दिलंही असतं. मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही.

हे पत्र घरात ठेवता यायचं नाही. लेकीला वाचता येतं, मीच शिकवलं तिला घरी. त्यामुळे लिहून झालं की चुलीत घालीन. तिशी उलटली तिची, अजून दुपारी त्याच ओट्यावर बसते. काल तिनं एकेक शब्द जुळवत विचारलं, "आई, त्या बाई वाईट होत्या का गं?"

मी हो म्हणाले, बाई.