आपोआप उभी राहणारी बादली

मंगळवार, संध्याकाळ, पिंपळवंडी

सापडलं!

काकूच्या गोठ्यामागच्या कॅमेऱ्यातले वीस फोटो काल मी माझ्या प्रोग्रॅममधून एकामागून एक पळवून दाखवले, सिनेमासारखे. बिबट्या क्षणात उसात, क्षणात गोठ्याशी. तोंडात काहीतरी आहे, मग नाही. काकू ओरडली, "कोंबडी धरली! आन बिबट्या एक न्हाय, दोन हायेत गं!" लगेच माझ्याकडून वनखात्याला पिंजरा लावण्याचा अर्ज लिहून घेतला. मीही लिहिला. शहाणी मी!

पण ती निळी बादली. उभी, मग आडवी, मग परत उभी. बादली आपोआप उभी राहते का कधी? दिवसभर तेच डोक्यात.

आज कळलं. प्रोग्रॅम फायली नावाच्या अक्षरांप्रमाणे वाचत होता. एकनंतर थेट दहा, एकोणीस झाल्यावर दोन! मी त्या आकड्यांप्रमाणे लावल्या. बादली एकदाच पडली आणि पडूनच राहिली. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले.

मग काकूला दाखवलं. बिबट्या एकच, मादी. शेजारच्या उसाला तोड लागलीय, तिकडून येते ती तोंड भरून, आमच्या उसात शिरते, रिकाम्या तोंडानं परत जाते, पुन्हा भरून येते.

काकू स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. "आगं, पिल्लं हलवतीये ती."

मग म्हणाली, "अर्ज ऱ्हाऊ दे. शेरडं आत बांध. आन ती बादली उचल तिच्या वाटंतनं."