मिठाचा हात

गुरुवार, संध्याकाळ. नवीन पनवेल.

आज आईवर ओरडले. तेही कामगारांसमोर. डोक्यातून जातच नाहीये.

कळंबोलीच्या माझ्या नव्या शेडमधला हा पहिलाच पाइप. ब्लास्टिंगच्या माऱ्याने गंज उडाल्यावर असा लखलखीत झाला की आई बघतच राहिली. मी रंगाची तयारी करायला वळले, तेवढ्यात हिने पिशवीतून मीठमोहरी काढून त्याची दृष्ट काढली. वर त्याच हाताने पाइप कुरवाळला, लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा!

तपासलं, तर तिथे मीठच मीठ. तसाच रंग मारला असता तर वरून छान दिसला असता, पण खालचं मीठ ओल ओढून घेतं. मग रंगाला फोड येतात, आतून गंज धरतो. पहिलंच काम परत आलं असतं. शेवटी गोड्या पाण्याने धुतला, पुन्हा ब्लास्टिंग, रंग उद्यावर.

"मीठ कशाला आणलंस?" मी ओरडले.

"मंग काय साखर ओवालू?" म्हणाली, आणि पिशवी उचलून शेडबाहेर जाऊन बसली. जन्म मिठागरात गेला तिचा. मिठाने काही बिघडतं, हे तिला पटणार तरी कसं?

एवढं लिहिलं आणि ती मागे येऊन उभी राहिली. मूठ मिटलेली.

"आई, परत मीठ?"

"तुला कुठं रंग माराचा हाय? बस गप."

बसले. तिने ओवाळलं, आणि मग तोच हात माझ्या पाठीवरून फिरवला.