पाण्यावर माझं लक्ष आहे

१ मे, सकाळी ७
बिल्डिंगचा स्विमिंग पूल आजपासून मुलांसाठी खुला. कालच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळात मुलांवर लक्ष कोण ठेवणार? सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. मी हात वर केला. जबाबदारी रक्तातच असावी लागते. शिट्टी आणली.

१ मे, संध्याकाळी
बायकोने विचारलं, तुला स्वतःला पोहता येतं का? म्हटलं, अंपायरला कुठे सिक्सर मारता येतो? तिचं म्हणणं, अंपायर बुडत नाही. विषय बदलला.

३ मे
नियम लिहून भिंतीवर चिकटवले. एकूण एकोणीस. पळू नये, ढकलू नये, काकांना प्रश्न विचारू नयेत. थोरलीने (वय आठ) शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. धाकट्या बोक्यासाठी (वय साडेचार) दंडाला लावायचे हवेचे फुगे आणले. आता तो बुडूच शकत नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत 'हे जीवरक्षक साधन नाही' असं छापलंय. असलं काहीतरी छापावंच लागतं त्यांना.

५ मे
दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज याच वेळी पोहतात. वय बहात्तर. त्यांचं नाव मी 'जोखमीच्या व्यक्ती' या यादीत घातलं. त्या म्हणाल्या, खुर्ची पाण्याजवळ घे आणि मोबाईल घरी ठेव. पण छत्रीखालून सगळं नीट दिसतं, आणि मोबाईल आणीबाणीत लागतो. (सध्या पत्त्यांचा गेम. चांगली रंगत आलीय.)

८ मे
आज शिट्टी त्रेसष्ट वेळा वाजवली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. यापुढे फक्त गंभीर प्रसंगी. नाहीतरी बुडणारं मूल आरडाओरडा करणारच. कान उघडे ठेवले की झालं.

१० मे, संध्याकाळी ७.३०
ग्रुपवर 'सर्व मुलं सुरक्षित, निश्चिंत राहा' असा मेसेज टाइप करत होतो. थोरली शर्ट ओढत होती. म्हटलं, एक मिनिट थांब. ती किंचाळली, बाबा, बोका!
फुगे काठावर पडले होते. टोचतात म्हणून त्याने काढून टाकले होते. तो पाण्याखाली. ओरडला नाही, हातपाय आपटले नाहीत. काही म्हणजे काहीच आवाज नाही.
मला शिट्टी सापडेपर्यंत आजी पोहोचल्या होत्या. त्यांनी त्याला उचललं. तो खोकला, मग भोकाड पसरलं. त्याचं रडणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.
दरम्यान मीही उडी मारली होती. मोबाईलसकट. गटांगळ्या खात होतो. थोरली काठावरून ओरडत होती, बाबा, उभा राहा!
उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.
तसाच ओल्या कपड्यांनी बोक्याला घेऊन डॉक्टरांकडे. तो ठणठणीत आहे.

११ मे
आजी एवढंच म्हणाल्या, लहान मूल पाण्यात असलं की आपण हाताच्या अंतरावर असावं आणि दुसरं काहीही करू नये. एकोणीस नियमांत हा नव्हता.

१३ मे
आजींनी पोहण्याचा वर्ग काढला. बोक्याचं नाव घालायला गेलो. त्यांनी मला न विचारता माझंही लिहिलं.

१४ मे
पहिला धडा: पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणे. बोक्याने दहा काढले. मी तीन, त्यातला एक नाकातून. बोका उद्या दुसऱ्या धड्याला बसणार. मला परत पहिलाच.