वेणीवालीच्या हातातलं ताट

प्रिय बारक्या,

'प्रिय' लिहिताना हात अडला होता. पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, आणि शिव्यांनी केली असती तर तू पुढचं वाचलंच नसतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कुणी आवाज चढवला की तू उठून आतल्या खोलीत जातोस. फोनवर तू मला 'ताई, आधी शांत हो' असं म्हणालास, तेव्हापासून मी अजिबात शांत झालेली नाही. कामावर तोंड शिवून बसते, घरी येऊन भांडी आपटते. म्हणून लिहायला घेतलं. अक्षर वाईट आहे, तेवढं चालवून घे.

रविवारी तू फोनवर सांगितलंस की बाबा आता कायमचे तुझ्याकडेच राहणार. गुडघ्याच्या ऑपरेशनपुरते आणले होते, ते आता परत जायचे नाहीत. तू आणि तुझी बायको दिवसभर कामावर, चिंगीची शाळा दुपारीच सुटते, तेव्हा आजोबांची आणि नातीची एकमेकांना सोबत होईल, पाळणाघराची कटकटही मिटेल. किती छान जुळवून आणलंस सगळं. आणि वर म्हणालास की ताई, झालं गेलं सोडून दे, ते काही तू म्हणतेस इतके वाईट नव्हते, माझ्या अंगाला तर त्यांनी कधी बोटही लावलं नाही. हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही लावलं, बारक्या. खरंच कधी लावलं नाही. पण का नाही लावलं, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. आईने सांगितलं नाही, मधल्याने नाही, मीही नाही. म्हातारा तुझ्या घरात मुक्काम ठोकून बसला आहे, आणि एकटी चिंगी रोज दुपारी त्याच्यासमोर असते. आता सांगायलाच हवं.

सुरुवात तू बनवलेल्या त्या मोबाइल गेमपासून करते, कारण माझीही ती तिथूनच झाली. माझ्या शेजारच्या मशीनवर काचांच्या कडा घासणारी बाई चहाच्या सुट्टीत मोबाइल घेऊन बसते. आमच्याकडे दिवसभर घासणीच्या चाकावर पाणी पडत असतं, चष्म्याच्या काचा ओल्या बोटांनी धरून धरून बोटं पांढरी पडतात, तेव्हा सुट्टीत कुणी काही खेळलं तर मी बघतसुद्धा नाही. पण त्या दिवशी तिच्या मोबाइलमधून एक आवाज आला आणि मी मान वर केली. लोखंडी जिन्यावर बूट वाजत होते, आणि वरून दुसरी पायरी आली तेव्हा ती किणकिणली. जगात लोखंडी जिने पुष्कळ असतील. पण वरून दुसऱ्याच पायरीचा बोल्ट ढिला असलेला जिना मला एकच माहीत आहे. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. रंगाच्या दुकानावरच्या आपल्या दोन खोल्या. स्वयंपाकघराला दोन दारं, भिंतीतलं कपाट, मोरीवरचा माळा, आईच्या शिलाई मशीनवरचा पडदा. तू काही म्हणजे काही सोडलं नाहीस. भिंतीला आलेली ओलसुद्धा जागच्या जागी होती.

तिने मला खेळ समजावून सांगितला, मोठ्या हौसेने. पाचजण खेळतात. चौघं लपणारे, आणि एक घरधनी. घरधन्याला मारता येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त चुकवता येतं. चौघांनी घरात लपवलेले फ्यूज शोधून बसवायचे, सगळे दिवे लागले की जिन्याचं दार उघडतं आणि जे उरले ते सुटतात. घरधनी कोण होतो, तर कुणीही. कुठल्या तरी गावातला कुणी तरी आपल्या खोलीत बसून तो होतो आणि चौघांच्या मागे धावतो. मजा येते म्हणाली. लपणाऱ्यांमध्ये एक बाई आहे, दोन मुलगे आहेत आणि एक लांब वेणीची मुलगी आहे. मी म्हटलं, मला ती वेणीवाली घेऊन खेळू दे. तर ती हसायला लागली. ती नको घेऊस, ती धांदरट आहे, असं म्हणाली. घरधनी जवळ आला की तिच्या हातातलं ताट पडतं आणि तो थेट तिच्यावर जातो. तिला मुद्दाम कुणी घेत नाही. पण कुणी नवखा चुकून घेतो तेव्हा बाकीच्या तिघांची चंगळ असते, कारण ती सापडेपर्यंत त्यांचे फ्यूज बसवून होतात. हे सांगताना ती बिस्किट खात होती. तिचा काय दोष. मी जागेवर जाऊन बसले आणि कुणाच्या तरी चष्म्याची काच वाकडी घासून वाया घालवली.

मग मी त्या गेमला बक्षीस मिळालं तेव्हाची तुझी मुलाखत शोधून काढली. अंगात तो काळा कोट, पाठीमागे झाडाची कुंडी, आणि तू हसत हसत सांगतो आहेस की हा सगळा खेळ आम्ही भावंडं लहानपणी घरात खेळायचो. खेळायचो. तुझ्या तोंडून तो शब्द इतक्या सहज निघाला की मी ते परत लावून ऐकलं. पुढे विचारणाऱ्याने वेणीवालीबद्दल विचारलं. तू म्हणालास, ती माझी ताई, ती इतकी वेंधळी होती की तिला लपताच यायचं नाही, ऐन वेळी हातातून काही तरी पाडायची आणि पहिली सापडायची. त्यावर दोघंही खळखळून हसलात. मग तू म्हणालास की खेळात एक तरी असा गडी लागतोच, त्याने रंगत येते.

मी रंगत आणायचे, बारक्या. ऐक कशी ते. तो कामावरून येताना जिन्यावर बूट वाजले की आईला आणि मला पावलांवरून कळायचं, आज कसा आहे. बूट सावकाश पडले तर काही नाही. दाणदाण आले की आई तुला उचलून माळ्यावर ठेवायची, मधला कपाटात शिरायचा. तू चार-पाच वर्षांचा होतास, तुला लपायला आवडायचं आणि तुला खुसूखुसू हसूही यायचं. तो घरात आला की आधी मोरीकडेच वळायचा, हातपाय धुवायला. माळ्याच्या बरोब्बर खाली. तुझं हसू वरून ऐकू यायचं, एखाद्या वेळी शिंकही. आणि तो मान वर करायचा. त्या क्षणी मी स्वयंपाकघरात ताट पाडायचे. पडायचं नाही ते. मी पाडायचे. ओट्याच्या कडेवर तयार ठेवलेलं असायचं, सगळ्यात मोठं, कारण ते फरशीवर पडून बराच वेळ गरगरत राहायचं. तो मोरीतून मागे फिरायचा आणि स्वयंपाकघरात यायचा. दारं दोन होती, पण मी दुसऱ्या दाराने कधी पळाले नाही. पळाले असते तर तो परत मोरीकडेच गेला असता. पुढचं तुला ऐकायचं असेल तर माझ्या डाव्या कानाला विचार. त्याला निम्मंच ऐकू येतं. कामावर सगळ्यांना वाटतं घासणीच्या आवाजाने झालं. तुलाही तसंच वाटतं, म्हणून फोनवर मला बहिरी म्हणून चिडवतोस. मीही हसते.

वेंधळी हा शब्द आईचा. खाली रंगवाल्याच्या बायकोने माझा सुजलेला गाल बघून विचारलं की आई लगेच म्हणायची, काय सांगू, पोरगी इतकी वेंधळी आहे, चालता चालता दारावर आपटते. शाळेत बाईंनी विचारलं तरी हेच. आईने ते इतक्या वेळा सांगितलं की घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं, तिच्यासुद्धा. मला आईचा राग येतो का? येतो. ती गेली तरी येतो. पण तिला निदान ठाऊक होतं की ती खोटं बोलते आहे. तू ते खोटं खरं धरून मोठा झालास, त्याच्यावर गेम बांधलास, बक्षीस घेतलंस आणि हजारो माणसांना मोबाइलवर दाखवलंस की ही बघा धांदरट, हिला पुढे करा आणि तुम्ही सुटा.

तुला वाटेल, ताईने कुणाचं तरी ऐकून डोक्यात राख घालून घेतली. तसं नाही. मी तो गेम स्वतः खेळले. मोबाइल चालवता चालवता जीव मेटाकुटीला आला, पण खेळले. वेणीवाली घेतली की बाकीचे तिघे वैतागायचे, आधीच शिव्या द्यायचे, एकाने तर मला आजीबाई म्हटलं. मग एकदा घरधनी होऊन बघितलं. ते मी करायला नको होतं. त्याच्या उंचीवरून आपलं घर किती लहान दिसतं. तू त्याला असं केलंयस की पडद्याखालून पाय दिसतात, कपाटाच्या फटीतून डोळा दिसतो, माळ्यावरचं हलणारं गाठोडंसुद्धा दिसतं. लपणाऱ्यांना वाटतं आपण लपलोय. हे तू सुचून केलंस की आठवून, मला माहीत नाही. पण मी तिथेच मोबाइल ठेवून दिला आणि मला समजलं की दोन खोल्यांच्या घरात त्याला सगळे कुठे आहेत ते रोज माहीत होतं. तो शोधत नव्हता. शोधायचं नाटक करत होता, कारण त्याला त्यात मजा येत होती. आणि तू त्याच मजेचा गेम केलास.

आता तू म्हणशील, ताई, तो म्हातारा झाला आहे. हो, झाला. दात नाहीत, गुडघ्यात लोखंड आहे, औषधाच्या गोळ्या तुझी बायको मोजून देते. तुला 'बाळ' म्हणून हाक मारतो हेही मला कौतुकाने सांगितलंस. मला त्याच्या म्हातारपणाचं वाईट वाटत नाही असं नाही. कधी कधी वाटतं, आणि मग त्या वाटण्याचाच संताप येतो. मधल्याला मी फोन केला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला यात ओढू नका म्हणाला. कपाटातून तो अजून बाहेर आलेला नाही. त्याला काही म्हणत नाही मी, ज्याचं त्याने बघावं. म्हाताऱ्याला ठेवायला चांगल्या जागा आहेत, दिवसरात्र माणसं असतात, सगळी सोय असते. मी चौकशी करून ठेवली आहे. तिथे कुणी लहान नसतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. रविवारी तू बोलून झाल्यावर फोन चिंगीकडे दिलास. ती कुजबुजत होती. मी विचारलं, असं का बोलतेस, तर म्हणाली की आजोबा जागे आहेत. मग तिने मला तिचं गुपित सांगितलं. ती रोज दुपारी आजोबांबरोबर बाबाचा गेम खेळते, फक्त आजोबांना ते माहीत नाही. काठी फरशीवर जोरात टेकली की तिला आधीच कळतं, आज खेळायचं आहे. मग ती गॅलरीत कपडे धुण्याच्या मशीनमागे जाऊन बसते आणि श्वास धरते. ते हाका मारतात, काठीने दारं ठोकतात, पण आत्या, मी एकदासुद्धा सापडले नाही, असं ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता. मागे तू हसत होतास. पोरगी माझ्यावर गेली म्हणालास. फोन ठेवायच्या आधी तिने मला विचारलं की आत्या, तू लहान असताना कुठे लपायचीस? मी उद्या दुपारी येते आहे, तिची शाळा सुटायच्या आत. हे पत्र सोबत आणते आणि तुझ्या हातात देते, कारण मला ते तुझ्यासमोर बोलता येणार नाही, माझा आवाज चढेल. तू वाचेपर्यंत मी चिंगीचे कपडे भरीन. त्याला कुठे ठेवायचं ते तू ठरव, हवं तर मी काढून ठेवलेला पत्ता घे, नको तर नको. पण तो त्या घरात असेपर्यंत चिंगी माझ्याकडे राहील. तुझी परवानगी मी मागत नाही. आज रात्री फोनवर तुला फक्त एवढंच सांगेन, बारक्या, उद्या रजा घे, घरी थांब. बेल वाजली की दार उघडायला तू स्वतः ये.

तुझीच, आणि अजून तितक्याच रागात,
ताई