‘काही नाही’ ही खूण

४ ऑक्टोबर, शनिवार
पडेगावच्या घरी आईबापांचा वर्ग. खुर्च्या कमी पडल्या. संगीता उशिराच. नवरा सिल्लोडला शेतात, ही लेकाच्या, ओंकारच्या मूकबधिर शाळेसाठी इथे खोली करून राहते. सगळे हसले तेव्हा ओंकारने तिला विचारलं, काय झालं? तिने नुसता पंजा हलवला. काही नाही. मी तिथेच थांबवलं. नियम एकच: मुलासमोर जे बोललं गेलं ते सगळं खुणांनी सांगायचं. चांगलं, वाईट, फालतूसुद्धा. ‘काही नाही’ ही खूण या घरात बंद.
"लई कडक मॅडम तुम्ही. सासू मला काय काय बोलती ते बी सांगू व्हय त्याला?"
"ते आधी."
पुन्हा हशा. माझ्या नातीला, जुईला खुणांनी सांगितलं. तीही हसली, नेहमीसारखी सगळ्यांच्या नंतर.

१२ ऑक्टोबर, रविवार
जुईने आज परत विचारलं. वरच्या ओठावर बोट, म्हणजे मिशी, म्हणजे बाबा. मग: मी कधी? कॅनडात गेल्यावर महेशने मिशी काढली, पण नातीसाठी माझ्या लेकाचं नाव तेच. आईचं नाव टिकली. सूनबाईंची टिकलीही गेली आता. धाकटा चिनू म्हणजे गालावरची खळी. मी म्हणजे चष्मा. आधी तिघे जातील, बस्तान बसलं की जुईला नेतील, असं ठरलं होतं. तिची नवी बॅग कपाटावर. दर रविवारी स्वतः पुसते.

१८ ऑक्टोबर, शनिवार
सिल्लोडला खुणा येणारी शिक्षिका मिळावी म्हणून अर्ज तयार केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. म्हणजे संगीतासारखीला गाव सोडावं लागणार नाही. जाताना ती दारात घुटमळली.
"रागावू नका, मॅडम. ओंकारचा बाप म्हणतो, एवढी शिकलेली माणसं मुक्या लेकीला ठेवून गेली, तू कशाला मरती तिथं शहरात?"
"त्याला म्हणावं, वर्गाला ये. तोंडावर बोल."
"तुमच्या तोंडावर? तो नाय यायचा."
हसत गेली. 

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
जुईने पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर फोन उभा केला. तिकडे सकाळ. चिनूला ओवाळलं. ओवाळणी काय, तिने विचारलं. चिनू बापाकडे वळला, "डॅड, व्हॉट इज शी सेइंग?" रस्त्यावरचं भांडणसुद्धा हिला शब्दन्‌शब्द सांगणारा हाच पोरगा.
मग तिने छातीवर बोट ठेवलं आणि हाताचं विमान केलं. ते महेशला कळलं. बोलला मात्र माझ्याशी.
"आई, आम्ही तिचे कागद करत नाही आहोत. इथल्या खुणा वेगळ्या, सगळं पहिल्यापासून. आम्हा दोघांच्या नोकऱ्या. ती तुझ्याजवळ सुखात आहे. आज नको सांगूस, सण आहे."
त्याचे डोळे भरलेले. जुईने ते पाहिले. माझ्याकडे वळली. बाबा काय म्हणाला?
मी पंजा हलवला.

२४ ऑक्टोबर
महेशला फोन केला. म्हटलं, तू सांग, तुझ्या हातांनी.
"माझे हात विसरले गं, आई."
फोन ठेवून दिला. जुई जेवली नाही. का, विचारलं. तिने माझ्याचसारखा पंजा हलवला. रागवायला तोंड उघडलं आणि…

२५ ऑक्टोबर, शनिवार
वर्ग नाही, असं सगळ्यांना कळवलं होतं. संगीता तरी आली, ओंकारला घेऊन.
"तुम्ही वर्ग बुडवला? ताप आला का काय?"
सांगितलं तिला. ती आत गेली, भिंतीशी रचलेल्या खुर्च्या काढल्या, मांडल्या. एक जुईला, एक मला, समोरासमोर. स्वतः ओंकारला घेऊन मागे बसली.
"घ्या आता वर्ग."
जुईची नजर माझ्या हातांवर. चष्मा काढून पुसला, परत घातला. वरच्या ओठावर बोट ठेवलं. बाबा. बोट तिथेच, पुढची खूण काही येईना. जुई उठली, माझं बोट धरलं, सावकाश माझ्या मांडीवर ठेवलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसली. नजर अजून माझ्या हातांवरच.
मी अजून सांगितलेलं नाही.