वाळूत रोवलेली मेणबत्ती

प्रिय भिंगरी,

तुझ्या तीन पत्रांना मिळून हे एक उत्तर, आणि तेही इतक्या उशिरा. रागावली असशील. घरात लिहायचं काम तुझ्या आईचं. मी आपला शेवटी 'मी बरा आहे, जपून राहा' एवढं घालून मोकळा. चार इयत्तांच्या जोरावर आख्खं पान भरायचं म्हणजे मला घाम फुटतो. म्हणून आधी फळीवर पेन्सिलीने लिहून बघतो, कामाची मापं लिहितो तसं. वाचलं की मन खातं, मग रंधा मारतो आणि परत लिहितो. चांगली बोटभर जाड फळी होती, आता पुठ्ठ्यासारखी झाली आहे. तू तिन्ही पत्रांत आईच्या हाताचं विचारलंस. त्याचं उत्तर याच पत्रात देणार आहे, पण माझ्या चालीने. आधी शेवट वाचायची तुझी खोड आहे, ती आज तेवढी आवर.

खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतलीस का? नुसत्या कुलपाच्या भरवशावर राहू नकोस. आणि बसवणाऱ्याला सांग, खिळे नको, स्क्रू लाव. खोकला गेला का? शेवटचा पेपर झाला असं तिसऱ्या पत्रात आहे, तो खरंच शेवटचा ना? तोंडी परीक्षा वगैरे काही उरलेलं नाही ना? तुझ्या पेपरांच्या तारखा मी भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी बघत होतो. परवा तुझं तिसरं पत्र आलं तेव्हा शेवटची खोडली.

सरांनी सगळ्या वर्गाला प्रभूची पवित्र ठिकाणं दाखवायला नेलं, ते तुझं मोठं पत्र पोचलं. एरवी तुझी पत्रं आई मोठ्याने वाचायची आणि मी पटाशीला धार लावत ऐकायचो. हे मी स्वतः वाचलं, ओळीखाली बोट ठेवून. दोन दिवस लागले. सर जुन्या तुळया आणि भिंतींचा चुना दाखवत होते आणि तू माणसंच बघत बसलीस, हे वाचून हसू आलं. जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकायला गेलीस ना गं? एक बाई दगडावर कपाळ टेकून रडतेय आणि शेजारी एक जण बायकोचा फोटो काढताना तिला 'जरा डावीकडे सरक' म्हणतोय, हे तर मला डोळ्यांसमोर दिसलं. प्रभूच्या थडग्यासाठी दोन तास रांगेत उभी राहिलीस. आत जेमतेम तिघंचौघं मावतील एवढी जागा, आणि आत काहीच नाही. 'रिकामं बघायला एवढी रांग, बाबा,' असं लिहिलंस. त्या ओळीवरून माझं बोट बराच वेळ पुढे सरकलं नाही.

मग ते जन्माच्या देवळाचं दार. चार फुटांचं, राजा असो की हमाल, वाकूनच आत जायचं. तुला आपल्या स्वयंपाकघराचं दार आठवलं म्हणतेस. त्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. लग्नाला महिना झाला होता. चौकट करायला घेतली तेव्हा टेप दुसऱ्या कामावर राहिली होती, म्हणून मी तुझ्या आईलाच भिंतीला उभी केली, तिच्या डोक्यावर दोन बोटं सोडून खूण केली आणि लाकूड कापलं. स्वतःची उंची विसरलो. चौकट उभी राहिली आणि पहिलं टेंगूळ मलाच आलं. बदलून देतो म्हटलं तर ऐकेना. म्हणे, राहू द्या, दिवसातून दोनदा तरी नवरा वाकतो. रविवारी देवळाला टांग मारून मी रंधा घेऊन बसलो की ऐकवायची, अहो, प्रभूही सुतारच होता, पण त्याने असलं दार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आता मेणबत्तीचं. तू आईच्या हातासाठी लावलीस. तिथल्या पाट्या तुला वाचता येईनात, म्हणून खाली वाळूचं ताट दिसलं त्यात रोवलीस. तर झाडलोट करणाऱ्या म्हातारीने तुझ्या हातावर चापट मारली आणि खुणेने सांगितलं, हे ताट गेलेल्यांचं, जिवंतांसाठी वरच्या स्टँडवर लावायची. तू घाईने उपटून वर लावलीस, त्यात बोट भाजलं. आणि मला लिहिलंस, 'आईला सांगा, पाच मिनिटं तुला मी गेलेल्यांत बसवलं होतं, आता शंभर वर्षं जगशील.' तो गुरुवार होता, तूच वर तारीख घातली आहेस. बोटाला काही लावलंस का? त्याबद्दल पुढे एक अक्षर नाही तुझं.

भिंगरी, हात मुरगळलेला नव्हता. खोटं तिचं, अक्षर माझं. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, पेन धरवत नव्हतं. ती म्हणाली, हात मुरगळलाय असं कळवा, नाहीतर पोरगी परीक्षा टाकून धावत येईल. शेवटचा पेपर होईपर्यंत बोलायचं नाही अशी मला शपथ घातली. शेवटी शेवटी खाट स्वयंपाकघरातच घालायला लावली होती. तिथून तिला बाहेर काढताना चौघांनाही त्या दारात गुडघ्यांत वाकावं लागलं. एक जण मला म्हणाला, सुतार असून असं कसं केलंत? दार तिच्या मापाचं होतं. तू मेणबत्ती लावलीस त्या गुरुवारी तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. तेव्हा पोरी, तुझं काही चुकलं नव्हतं. तू आधी लावलीस तीच जागा बरोबर होती. एवढं सांगायला मी फळी झिजवत होतो. आता शपथ सुटली. यायचं की शिक्षण पुरं करायचं ते तू ठरव, माझ्याकडे बघून ठरवू नकोस. मला दोन वेळचं करून खाता येतं. फक्त हे पत्र पोचल्याचं लगेच कळव. रागाने लिहिलंस तरी चालेल, दोनच ओळी लिहिल्यास तरी चालेल, पण लिही. मी स्वतः वाचीन.

तुझाच,
बाबा