साक्षीचा डिसेंबर

१ डिसेंबर, सोमवार
दुपारी पोलीस समन्स घेऊन आला. बिरूमामांची केस उभी राहिली. २३ तारखेला दहिवडीच्या कोर्टात माझी साक्ष. सही करताना स्वतःचंच नाव धड लिहिता येईना. तो गेल्यावर मशीनवर बसले तर ब्लाउजची बाही उलटी जोडली. उसवली. परत उलटीच.
वाटलं होतं, सगळे विसरले. मीसुद्धा.

२ डिसेंबर
विसरले कुठं! मागच्या वर्षीचा उन्हाळा. फटफटलं होतं. मी नळाला हंडा लावून उभी. बिरूमामा मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होते. नदीकडून वाळूचा डंपर आला, दिवे न लावता. आवाज कसा झाला ते लिहीत नाही. डंपर थांबला. डंपरमालकाचा पोरगा विकी खाली उतरला, मामांकडं बघितलं, परत वर चढला आणि गेला. एवढ्या जवळून गेला की त्याच्या शर्टाची तुटलेली गुंडी दिसली.
पोलिसांना त्याच दिवशी सांगितलं. तेव्हा रडू इतकं येत होतं की भ्यायला जागाच नव्हती. आता विकी म्हणतो, मी त्या दिवशी गावातच नव्हतो. बघणारी मी एकटी.

५ डिसेंबर
ह्यांचा फोन. वाशीच्या मार्केटात, भर हमालीच्या वेळेला, गावाकडचा एकजण भेटायला आला म्हणे. चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, आमच्या प्रणालीची दहावी कशी चाललीय विचारलं. बाकी काही नाही.
"अंधार व्हता म्हण. दिसलं न्हाई म्हण."
"उजाडलं होतं."
"अगं पण म्हणायला काय जातंय?"
फोन ठेवला. काय जातंय ते मला सांगता आलं नाही.

८ डिसेंबर
अण्णा स्वतः आले. विकीचे वडील. डंपर त्यांचेच. आजवर आमच्या दारात कधी पाऊल नाही. सासूबाईंनी घाईनं सतरंजी अंथरली, चहात साखर जास्त घातली. अण्णा लय गोड बोलले. मला "वहिनी" म्हणाले.
"आवं वहिनी, माणूस गेलं त्याचं वाईट आमालाबी हाय. पण पोराचं वय बघा. तवा पुरतं उजाडलंबी नव्हतं, न्हाई का?"
मी मान खाली घालून दोरा ओवत राहिले. सुईच्या नेढ्यात जाईना.
उठताना म्हणाले, "पोरगी यष्टीनंच जाती न्हवं? थंडी लय वाढलीया. जपा."
गेल्यावर घरात त्यांच्या अत्तराचा वास. दारंखिडक्या उघडल्या तरी जाईना.  

९ डि.
प्र.ला आटपाडीला आईकडं पाठवते म्हटलं. तिथल्या शाळेत नाव घालू.
"मी का म्हणून शाळा सोडू? मी काय केलंय?"
दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. मग कळलं, माझ्याच तोंडातलं वाक्य होतं ते.

१२ डिसेंबर
वरच्या आळीतल्या दोघी शिवायला टाकलेली कापडं परत घेऊन गेल्या. लग्नं तोंडावर असताना. "घाई न्हाई गं, बघू मागनं." डोळ्याला डोळा देईनात. त्यांना राग नाही, त्याही भ्यालेल्या. गावात एवढी भीती आहे हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. वाऱ्यासारखी. अंगाला लागल्यावर कळते.

१४ डि. रविवार
हौसामावशी आल्या. बिरूमामांची बायको, त्यांच्या मागं एकट्याच मेंढरं राखतात. मला वाटलं आता ह्या पदर पसरणार, मामांना न्याय दे म्हणणार. 
बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या,
"तू नगं जाऊ साक्षीला."
"मावशी?"
"म्हातारा काय माघारी येत न्हाई. तुझी पोर उजवायची हाय अजून. माझ्याकडनं तुला मोकळीक."
डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. मेंढरं बाहेर ओरडत होती.
मी हेच तर ऐकायला टपले होते. कुणीतरी सुटका करावी. केली की! ज्यांचं माणूस गेलं त्यांनीच केली. मग आनंद का होईना? 

१७ डिसेंबर
सासूबाई म्हणाल्या, औंधाला जाऊन यमाईपुढं गाऱ्हाणं घाल. गेलो. डोंगर चढताना त्यांना धाप लागली. मला हल्ली घरी बसूनही लागते. देवीसमोर हात जोडले. काय मागू? विकीला शिक्षा? नको. प्र. सुखरूप राहू दे, एवढं आलं. पुढचं विचारायची भीती वाटली. उत्तर माहीत होतं म्हणूनच बहुतेक.
उतरताना सासूबाई: "मागितलंस का?" मी: "हो." खोटं.

२० डि.
हे अचानक आले. रजा काढून. जेवण झाल्यावर भांडण. प्र. पुस्तक घेऊन शेजारी निघून गेली.
"तुला लय मोठी सत्यवादी व्हायचंय!"
"मला काही व्हायचं नाही."
"मग?"
मी ताटं उचलली.
"मी कोर्टात येणार न्हाई. सांगून ठेवतो." ग्लास उचलला तर पाणी सांडलं. पोती उचलणारे हात. लग्नाला सतरा वर्षं झाली, ह्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं. राग गेला. भीती दुप्पट झाली.

२२ डिसेंबर
काही सुचत नाही. साडीला इस्त्री केली. परत केली.

२३ डि. मंगळवार
सकाळी बाहेर आले तर हे मोटरसायकल पुसत उभे. मी मागं बसले, दहिवडीला निघालो.  
कोर्टाच्या व्हरांड्यात विकी बाकावर बसलेला. मनात त्याला केवढा मोठा करून ठेवला होता. प्रत्यक्षात हडकुळं पोरगं. मिशी नीट फुटलेली नाही. शेजारी त्याची आई, सुमनकाकी. अंगात मी शिवलेला ब्लाउज.
पुकारा झाला. पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ घेतली. सरकारी वकील विचारत होते आणि माझा आवाजच गेला. खरंच गेला. ओठ हलतात, आत काही नाही. वाटलं, बरं झालं, आता बोलताच येणार नाही. जजसाहेबांनी पाणी द्यायला सांगितलं.
"डंपरमधून उतरलेल्या माणसाला ओळखता का?"
"होय."
"इथं आहे का?"
हात वर गेला. मी नेला असं वाटत नाही, पण माझाच होता. विकीनं माझ्याकडं बघितलं नाही, आईकडं बघितलं.
त्यांच्या वकिलानं मुदत मागितली. उलटतपास संक्रांतीनंतर. म्हणजे संपलं नाहीच.
परत येताना ह्यांनी रस्त्यात गाडी थांबवली. मला उलटी झाली. ह्यांनी पाठ चोळली.

२४ डि.
नळावर मी गेले की बोलणं बंद. हंडा भरायला एवढा वेळ लागतो हे माहीत नव्हतं.

२७ डिसेंबर
भर दुपारी डंपर घरासमोर येऊन उभा. इंजिन चालू. ड्रायव्हर नुसता बसून, मोबाईल बघत. हॉर्न नाही, शिवी नाही. भिंतीवरचा आरसा थरथरत होता. हे गावात गेलेले. मी प्र.ला आतल्या खोलीत घातली, कडी लावली. 
सासूबाईंनी खुर्ची उचलली, उंबऱ्याबाहेर ठेवली आणि पदर सावरून बसल्या. डंपरकडं तोंड करून.
"मी हाय भाईर. तू शीव."
मी मशीन चालवली. काय शिवत होते देवाला माहीत. बऱ्याच वेळानं डंपर गेला. सासूबाईंना उठवायला गेले तर त्यांचे गुडघे धरलेले. दोघींनी मिळून उठवलं. म्हणजे मी आणि प्र.नं.
"आत्याबाई, भ्या नाही वाटलं?"
"वाटलं की. लय वाटलं. म्हणून तर बसले. उभं ऱ्हावंना."

२९ डि.
प्र.ला शाळेत निबंध. सरत्या वर्षानं मला काय शिकवलं. "आई, तू काय शिकलीस सांग, तेच लिहिते."
"बाही सरळ लावायला."
हसली. बऱ्याच दिवसांनी.
खरं काय शिकले? वाटायचं, वय झालं की शहाणपण येतं आणि भीती जाते. अडतीस सरलं, अजून कुणी दार वाजवलं तर छाती धडधडते. महिनाभर मी जो भेटेल त्याला विचारत फिरले. ह्यांना, देवीला. कुणी विचारायच्या आधीच सांगितलं. जाऊ नको म्हणणारेच सगळे. तरी आत कुणीतरी बसलेलं होतं, ते कुणाचंच ऐकत नव्हतं. हट्टी. लोक त्याला आतला आवाज वगैरे म्हणतात, टीव्हीवरचे महाराज म्हणतात त्यानं शांती मिळते. मला नाही मिळाली. मला तर अण्णांपेक्षा जास्त भीती त्याचीच वाटते. उद्या पोरीवर बेतलं तरी ते ऐकणार नाही की काय?
पण त्याला बाहेर काढ म्हटलं तर... नाही. नको. राहू दे.

३१ डिसेंबर, बुधवार
हे सकाळी मुंबईला गेले. संक्रांतीनंतर तारखेला येतो म्हणाले. मी विचारलं नव्हतं.
दुपारी दारात सुमनकाकी. एकटी. चप्पल हातात. मागच्या ओढ्यानं आली असणार, पायाला चिखल. मी दार पुरतं उघडलं नाही.
"वकील तुला लय वंगाळ विचारणार हाय. नवरा मुंबईला, तू एकटी ऱ्हातीस, त्यावरनं. आयकलं म्या. तुझं तुला म्हाईत असूदे."
धमकी की माया, कळेना. तिच्या तोंडावरूनही कळेना. दार लावून घ्यायचं होतं. पण तोंडातून निघून गेलं,
"काकी, त्या दिवशी विकी घरी आल्यावर तुम्हाला काय म्हणाला?"
ती उंबऱ्यावर बसली. खाली बघत. मी उभी.  सासूबाईंनी न सांगता चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही.
मग उठली. चप्पल घातली, परत काढून हातात घेतली.
"मलाबी बोलावत्याल का गं कोर्टात?"
मला माहीत नाही. तिला तेच सांगितलं. ती ओढ्याकडं गेली.